दादाचा लाल ठिपका

हॉर्नकाकांचा फोन आला तेव्हा मी दातांत स्क्रू धरून एका मिक्सरचं बूड बसवत होते. फोन दादाने घेतला, पण पलीकडचा आवाज मला टेबलाच्या या टोकालाही स्वच्छ ऐकू आला. उभं आयुष्य बस चालवलेल्या त्या माणसाला हळू बोलणं माहीतच नाही. "आली बरं का परत भुतं," ते म्हणाले. "बातम्या देणारी बाई एकच, पण तिच्या एका बाजूला लाल बहीण, दुसऱ्या बाजूला निळी. आम्ही ऐकायचं तरी कुणाचं?"

दादा खो खो हसला. मला काही हसू आलं नाही. म्हणजे त्या टीव्हीतला तोच पार्ट परत गेला होता. आम्ही तो बदलायचो, टीव्ही आठ-पंधरा दिवस शहाण्यासारखा वागायचा आणि पुन्हा भुतं यायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

निवृत्त बसचालकांच्या क्लबातला तो टीव्ही म्हणजे नुसतं कपाट आहे. मागून पडद्यावर चित्र फेकणारा, जुना, प्रोजेक्शनचा. त्याच्या पोटात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन नळ्या. प्रत्येक नळी आपल्या रंगाचं चित्र आरशावर टाकते, आरसा ते पडद्यावर टाकतो, आणि तिन्ही चित्रं एकमेकांवर तंतोतंत पडली तरच माणूस माणसासारखा दिसतो. ती जुळवून धरायचं काम दोन काळ्या आयसी, म्हणजे चिप, करतात. त्यांतली एक मेली की तिन्ही रंग आपापल्या वाटेने जातात. आता असले टीव्ही कुणी बनवत नाही, आणि शहाणा माणूस दुरुस्तही करत नाही. पण तो नवा आला तेव्हा दादानेच तिथे बसवला होता, आणि क्लबातल्या म्हाताऱ्यांना दुसऱ्या कुठल्या पडद्यावर खेळाडूंचे चेहरे दिसत नव्हते.

मला सगळे ठिणगी म्हणतात. हे नाव दादानेच ठेवलं, आणि ते चुकीचं आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. लग्न मोडल्यावर मी माहेरी आले तेव्हा दादाने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुरुस्तीच्या दुकानातल्या टेबलाचा अर्धा भाग रिकामा केला आणि एक बंद पडलेला रेडिओ माझ्यासमोर ठेवला. तेव्हापासून आम्ही दोघं त्या टेबलावर समोरासमोर बसतो. मी वीजपुरवठ्याची बाजू बघते, तो चित्राची आणि आवाजाची.

दुकानाचा एक नियम बाबांपासून चालत आलेला होता. ज्याने यंत्र उघडलं त्यानेच ते मिटायचं, मध्ये दुसऱ्याने हात घालायचा नाही. दोन हात लागले की चूक कुणाची ते कळत नाही, असं बाबांचं म्हणणं. आणि दुसरी गोष्ट दादाची स्वतःची, लाल ठिपका. एखादा सोल्डरचा डाग नीट बसला, एखादा स्क्रू आवळून झाला, की तो त्यावर नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे इथलं काम झालं, इथे परत बघायला नको. पहिली बाटली माझ्या लग्नातली होती, त्याने ती मला न विचारता उचलली. लग्न काही टिकलं नाही, ठिपका टिकला. पुढे बाटल्या मीच आणून देत असे, त्याच रंगाच्या, आणि विकणारी बाई माझ्या काळ्या पडलेल्या नखांकडे बघून गप्प राहायची.

माझा माझ्या मीटरवर जेवढा विश्वास नाही, तेवढा त्या ठिपक्यावर होता. ठिपका दिसला की मी पुढे जायचे.

त्या दिवशी आम्ही बॅग घेऊन क्लबात गेलो. वाटेत दादा भलत्याच गल्लीत वळला. मी म्हटलं, "अरे, इकडे कुठे?" तो म्हणाला, "इकडून जवळ पडतं." जवळ अजिबात पडलं नाही. चांगली पायपीट झाली आणि मी रस्ताभर कुरकुर केली.

क्लबात मी सगळ्यांना फैलावर घेतलं. टीव्हीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा कोण ठेवतं? दिवसभर टीव्ही चालू कोण सोडतं? मागची भिंत एवढी जवळ का आली? हॉर्नकाकांनी गठ्ठा मुकाट्याने उचलला आणि म्हणाले, "बसमध्ये मी प्रवाशांशी असा बोललो असतो तर माझी नोकरी गेली असती." मी स्टॅबिलायझर तपासला, भिंतीतलं वायरिंग तपासलं, टीव्हीतले सगळे व्होल्टेज मोजले. जे जिथे जेवढं हवं ते तिथे तेवढंच होतं. धूळ होती ती ब्रशने काढली. एक मेलेलं झुरळ निघालं, पण ते मरायच्या आधी काही खाऊन गेलेलं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते मला सापडत नव्हतं.

तोवर दादाने जुनी आयसी काढून नवी बसवली. मग त्याने पडद्यावर पांढऱ्या रेघांची जाळी आणली आणि रिमोट हातात घेऊन तिन्ही रंग जुळवायला बसला. हे काम बघण्यासारखं असतं. एका कोपऱ्यात लाल रेघ ओढली की दुसऱ्या कोपऱ्यात निळी सुटते, आणि माणूस हात टेकतो. दादाचा अंगठा मात्र अडखळत नव्हता. म्हातारे खुर्च्या पुढे ओढून बघत बसले होते. रेघा एकमेकींत शिरत गेल्या आणि शेवटी नुसती पांढरी जाळी उरली. तेवढ्यात कुणीतरी वाहवा म्हटलं.

"व्होल्टेज बरोबर, वायरिंग बरोबर, माझं काम बरोबर," दादा बॅग आवरत म्हणाला. "मग राहिलं काय? मालच खोटा."

हे मला पटलं. मला ते इतकं पटलं की मी त्याच्याही पुढे चालत पार्टवाल्याच्या दुकानात शिरले.

पार्टवाला म्हणजे दादाचा जुना दोस्त. आमच्याच दुकानात काम शिकला आणि मग सुट्या भागांची टपरीएवढी जागा घेऊन बसला. मी त्याला भाऊ म्हणते. दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं होती. दादाने मेलेली आयसी काउंटरच्या काचेवर आपटली. "तू मला डुप्लिकेट माल विकतोस? मला?"

पार्टवाल्याने आयसी उचलली, उलटी केली, तिच्याकडे बघितलं आणि मग दादाकडे बघत राहिला.  त्याच्या गप्प बसण्याने माझं डोकं आणखी तापलं. "भाऊ, जीभ टाळ्याला चिकटली का?" मी म्हटलं. "ज्याने हातात सोल्डरिंगची गन धरायला शिकवलं त्यालाच टोपी घालता?" गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघू लागली. त्याने खालचा खण उघडून दुसरी आयसी काढली आणि दादाच्या हातात दिली. "ही असू दे जवळ. पैसे नकोत. मेलेली माझ्याकडेच राहू दे."

"माल खरा असता तर फुकट कशाला दिला असता?" परतताना मी दादाला म्हणाले. दादा म्हणाला, "जाऊ दे, माणूस वाईट नाही. लोभ सुटत नाही त्याला."

त्यानंतर घरात आणि दुकानात काय काय होत होतं ते मी बघत होते, पण मला दिसत नव्हतं. दादा चहा पिऊन कप खाली ठेवायचा आणि विचारायचा, चहा कधी येणार? मी म्हणायचे, पोट आहे का पिंप? एकदा त्याने एकाच गिऱ्हाइकाला दोनदा फोन करून सांगितलं की तुमचा रेडिओ तयार आहे. मी म्हटलं, कामात लक्ष नाही तुझं. तो ओशाळून हसला. मला वाटलं वय झालं, झोप नीट होत नसेल.

मग टीव्ही पुन्हा गेला, दादाने जवळची आयसी बसवली आणि मेलेली मी पार्टवाल्याच्या दुकानात भिरकावून आले. दोन दिवसांनी त्याचा मला फोन आला. "तू एकटीच ये," तो म्हणाला. मी पदर खोचूनच गेले.

त्याने दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. काचेवर वर्तमानपत्र पसरून त्यावर त्याने आमच्या मेलेल्या आयसी, दर वेळी नवी घेताना नमुना म्हणून आणलेल्या, एका रांगेत पालथ्या मांडल्या. "मला काय बोलायचं ते नंतर बोल," तो म्हणाला. "आधी यांच्या पाठी बघ."

ही आयसी तापते. म्हणून तिची पाठ ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीला स्क्रूने आवळतात, आणि पाठ आणि पट्टीच्या मध्ये पांढरी पेस्ट लावतात, म्हणजे उष्णता पट्टीत उतरते. पेस्ट नसली तरी आयसी चालते. आठ-पंधरा दिवस चालते आणि भाजून मरते. वरून बघून काही कळत नाही, कारण ती जागा झाकलेली असते. हे आमच्या धंद्यातलं अगदी बाळबोध काम. ते विसरणारा माणूस मी बघितला नव्हता.

रांगेतली पहिली आयसी टीव्हीबरोबर आलेली, मूळची. तिच्या पाठीवर पेस्टचा वाळून दगड झालेला थर होता. बाकी सगळ्यांच्या पाठी कोरड्या होत्या. लख्ख, काळ्या, दुकानातून नेल्या तशाच.

"पण ठिपका होता," मी म्हटलं. "त्या स्क्रूवर ठिपका होता. प्रत्येक वेळी होता. मी डोळ्यांनी बघितलाय."

"असेल ना," तो म्हणाला.

मी उगाच एक एक आयसी उचलून परत बघितली.  "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिली कोरडी आली तेव्हा वाटलं, होतं एखाद्या वेळी. दुसरी आली तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीत? चार लोकांत मी तुम्हाला नाही नाही ते बोलले."

त्याने वर्तमानपत्राची घडी केली, आयसी आत तशाच ठेवून. "पेस्ट कशी लावायची हे मला त्याने शिकवलंय, ठिणगे. बोटाने नाही, खेळायच्या पत्त्याच्या कडेने, आणि कडेला येता कामा नये. कडेला आली तर टपली मारायचा. मी खोटा ठरलो तर माल बदलून देईन. तो खोटा ठरला तर मी त्याला काय बदलून देऊ?"

मला तिथे रडायचं नव्हतं, पण रडले. रागाने माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो तशीच मी दुःखानेही बरळत सुटते. मी त्याला म्हटलं की सगळं जग तपासलं मी, क्लबातले म्हातारे तपासले, झुरळ तपासलं, आणि समोर बसलेला माझा भाऊ तेवढा तपासला नाही.  त्याने मला पाणी दिलं आणि दार उघडलं.

तशीच घरी गेले. वहिनी कपड्यांच्या घड्या करत होती. मी सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला, पण तिला धक्का बसला नाही.

"परवा हे आंघोळ करून आले आणि परत टॉवेल घेऊन निघाले," ती म्हणाली. "मला वाटलं, दुकानात तरी ठीक असतील."

"मला वाटलं, घरी ठीक असेल."

 डॉक्टरांचं नाव काढलं की तो थट्टेवारी नेतो, असं वहिनीने सांगितलं. मग ती म्हणाली, "तुला दुकानाची काळजी असणार, गिऱ्हाइकांची असणार. कळतं मला. पण त्यांना टेबलावरून उठवू नकोस. तेवढं एकच आहे त्यांच्याजवळ. ते गेलं तर मी घरी कुणाला सांभाळू?"

मी तिला शब्द दिला. शब्द देणं सोपं होतं. एका बाजूला दादाचं टेबल आणि दुसऱ्या बाजूला त्याने लावलेल्या प्रत्येक ठिपक्यावरचा माझा विश्वास. टेबल राखायचं तर विश्वास सोडायला हवा होता, आणि ते त्याला कळू द्यायचं नव्हतं.

पुढच्या खेपेला क्लबात मी वायर तपासायचं नाटक करत त्याच्याकडे बघत राहिले. दादाने नवी आयसी हातात घेतली. पेस्टची ट्यूब उघडली, पत्ता काढला. तेवढ्यात हॉर्नकाकांनी त्याला काहीतरी विचारलं, त्याने मान वर करून उत्तर दिलं, हसला. मान खाली घातली तेव्हा त्याने ट्यूबकडे बघितलं, आणि माझ्या भावाच्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही आलं जे मी कधी बघितलं नव्हतं. भलत्या स्टॉपवर उतरलेल्या माणसाचा चेहरा. मग त्याने ट्यूबला टोपण लावलं, कोरडी आयसी पट्टीवर ठेवली, स्क्रू आवळला, आणि नेलपॉलिशच्या काडीने अगदी गोल, अगदी लहान, सुरेख ठिपका दिला.

मी हातातली वायर परत तपासायला घेतली. त्याने जाळी जुळवली, अंगठा कुठे अडखळला नाही, म्हातारे खूश झाले.

दुपारी काहीतरी निमित्त काढून मी एकटी परत गेले. बाबांचा नियम मोडून दादाने मिटलेलं यंत्र मी उघडलं. स्क्रू फिरवला तशी ठिपक्याची लाल खपली तडकून पडली. आयसी सोडवली, पेस्ट लावली, परत आवळली. घाईत पेस्ट जरा जास्तच झाली. मग बाटली काढली आणि त्या स्क्रूवर त्याचा ठिपका मी दिला. हॉर्नकाका मागे उभे होते. "हे दादाला सांगायचं नाही," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आवाज न करता उत्तर दिलं असेल.

टीव्ही चालला. महिना गेला, दुसरा गेला, भुतं आली नाहीत. दादा सगळ्यांना सांगायचा, "झापलं तेव्हा कुठे खरा माल दिला पठ्ठ्याने." दुकानातही माझं तेच सुरू झालं. त्याने मिटलेलं सगळं मी तो जेवायला गेला की उघडायचे. काहींत एखादी वायर सुटी असायची, काहींत सगळं चोख. ठिपका दोन्हींवर असायचा. चोख निघालं की मला जास्त वाईट वाटायचं.

मग क्लबातल्या टीव्हीत हिरवा रंग धूसर दिसू लागला. नळीपुढचं थंडाव्याचं पाणी गढूळ झालं होतं, जुन्या टीव्हीत होतंच. दादाने मागचं झाकण काढलं, बॅटरी धरून आत वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"ठिणगे," तो म्हणाला. "इकडे ये."

मी गेले. बॅटरीचा उजेड त्या पट्टीवर होता. आयसीच्या कडेने पांढरी पेस्ट बाहेर आली होती.

"ही माझी पेस्ट नाही," तो म्हणाला. त्याने बोट ठिपक्यावर ठेवलं. माझा ठिपका स्क्रूच्या खाचेत पसरला होता. "आणि हा ठिपकाही माझा नाही."

मला खोटं बोलायचं होतं. मी तोंड उघडलंही. पण या माणसाने आयुष्यभर यंत्रांची दुखणी शोधली होती, आणि तो माझ्याकडे तसाच बघत होता, सावकाश, एक एक गोष्ट बाजूला काढत.

"मी लावली नव्हती?"

"नाही दादा."

"आणि आधीच्या?"

"त्याही कोरड्या होत्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्याने बॅटरी बंद केली. "म्हणजे माल चांगला होता," तो म्हणाला. "म्हणजे वहिनी तुझी म्हणते ते खरं. टॉवेलचं. मला वाटलं गंमत करते." तो टीव्हीच्या मागच्या अरुंद जागेत जमिनीवरच बसला. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्यात तशी रीत नव्हती. मी त्याच्या शेजारी बसले. तो म्हणाला, "पार्टवाल्याला बोलाव."

"उद्या जाऊ आपण त्याच्याकडे."

"उद्या नको. आत्ता बोलाव. आत्ता मला माहीत आहे मी काय केलंय. उद्या माहीत असेल का?"

पार्टवाला दुकान तसंच टाकून आला. दादा उठून उभा राहिला, शर्ट झटकला. क्लबातले सगळे म्हातारे बघत होते, आणि ते बघताहेत हे त्याला हवंच होतं. "चार लोकांत तुला खोटा म्हणालो," तो म्हणाला, "म्हणून चार लोकांत सांगतो. माल खरा होता. चूक माझी होती. मला माफ कर." आणि तो वाकायला लागला. पार्टवाल्याने त्याला खांद्यांना धरून वरच्या वर अडवलं. "काय हे दादा," तो म्हणाला.  हॉर्नकाकांनी हळूच मला विचारलं, "चहा सांगू का?" त्यांना हळू बोलता येत होतं तर.

त्या संध्याकाळी दुकानात दादाने नेलपॉलिशची बाटली टेबलाच्या माझ्या बाजूला सरकवली. "आजपासून मी उघडायचं, तू मिटायचं," तो म्हणाला. डॉक्टरांकडेही आला. डॉक्टर जे म्हणाले ते आम्हाला माहीत होतं. हे असंच वाढत जाणार होतं.

वाढत गेलं. पण टेबल सुटलं नाही. सकाळी मी त्याच्यासमोर काहीतरी ठेवते, तो उघडतो, कधी दोष सापडतो, कधी नुसता आत बघत बसतो. मग मी मिटते.

परवा हॉर्नकाकांचा फोन आला. भुतं आली होती. या वेळी कुणाची चूक नव्हती, पेस्ट वाळली होती, टीव्ही म्हातारा झाला होता. मी दादाला बरोबर नेलं. आयसी कुठे मिळत नव्हती, ती पार्टवाल्याने कुठल्या तरी भंगारातल्या टीव्हीतून सोडवली आणि स्वतः क्लबात घेऊन आला. तो दारात दिसला तसा दादाचा चेहरा बदलला.

"तू?" दादा म्हणाला. "परत डुप्लिकेट माल घेऊन आलास?"

  मी सांगणार होते की अरे, माफी मागितलीस तू, याच खोलीत, याच लोकांसमोर. पार्टवाल्याने माझ्याकडे बघून मान किंचित हलवली.

"चुकलं दादा," तो म्हणाला. "पुन्हा नाही होणार. हा खरा आहे."

"किती वेळा सांगायचं तुला?" दादाने आयसी हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग त्याचा राग उतरला. "माणूस वाईट नाहीस तू. लोभ सुटत नाही तुला."

"खरं आहे," पार्टवाला म्हणाला, आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

दादाने आयसी माझ्या हातात दिली. "पेस्ट लाव. पत्त्याच्या कडेने. कडेला येऊ देऊ नकोस." मी लावली. तो माझ्या खांद्यावरून बघत होता. मी आयसी पट्टीवर बसवली, स्क्रू आवळला, आणि बाटली उघडून ठिपका दिला. इतक्या महिन्यांत माझा हात बसला आहे, ठिपका लहान आणि गोल पडतो. दादाने बॅटरी आत धरली. उजेड एक एक जागा बघत फिरला आणि त्या स्क्रूवर येऊन थांबला.

"हा माझा ठिपका आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मोकळा झाला. "इथे परत बघायला नको."

"हो दादा," मी म्हटलं, "इथे बघायला नको."